मिशीवाल्याच्या बंदुकीचं कुंकू

दत्ताराम घाडी यांचा उजवा अंगठा बावीस वर्षं एकच काम करत होता. कोणी ओरडलं, की बटण दाबायचं. बटण दाबलं, की जमिनीतल्या खंदकातून एक केशरी बशी भर्रकन आकाशात जायची, ओरडणारा तिच्यावर बंदूक झाडायचा, बशीचे तुकडे व्हायचे किंवा व्हायचे नाहीत, आणि दत्तारामकाका पुढच्या ओरडण्याची वाट बघत बसायचे. या खेळाला ट्रॅप म्हणतात. शारजाच्या पलीकडे, रस्त्यावर उंटांपासून सावध राहायच्या पाट्या सुरू होतात, तिथे आमचा क्लब आहे. मी तिथे ॲडमिन बघते. म्हणजे व्हिसा, रजा, गळके नळ आणि मेंबरांचे रुसवे.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. अल नहदाहून रोज पाऊण तास गाडी हाकत यायचं, त्याआधी माझ्या चौदा वर्षांच्या रेयांशला मराठीत चार वाक्यं बोलायची आणि त्यावर "मॉम, चिल" एवढंच ऐकायचं, यात कुणाचं डोकं शांत राहील? त्यामुळे दत्तारामकाकांबद्दल सांगतानाही माझा आवाज मधेच चढेल. त्यांना ते चालायचं. ओरडून घेणं हा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता.

बशी हवी असली की नेमबाजाने 'पुल' म्हणायचं असतं. पूर्वी यंत्राला दोरी असायची आणि ती कोणीतरी ओढायचं, त्या काळापासून हा शब्द चालत आला आहे. पण आमच्याकडे प्रत्येकाची हाक वेगळी. एक रशियन मेंबर खोकल्यासारखा आवाज काढायचा. एक लेबनीज गृहस्थ 'यल्ला' म्हणायचे. दातांचे एक डॉक्टर होते, ते इतक्या हळू बोलायचे की शेजारी उभ्या माणसाला ऐकू येऊ नये. दत्तारामकाकांना सगळं ऐकू यायचं. खोकला कुठला आणि खोकल्यासारखी हाक कुठली, हे त्यांच्या अंगठ्याला कळायचं. अजमानला ते सहाजणांच्या खोलीत राहायचे. तिथे कोणी "चटणी दे रे!" म्हणून ओरडलं, तरी त्यांचा अंगठा ताटाच्या काठावर दाबला जायचा. खोलीतले लोक जेवताना मुद्दाम ओरडायचे आणि बघत बसायचे.

मग आमच्या मॅनेजरने, नीरवने, मायक्रोफोन बसवले. नेमबाजाने तोंड उघडलं, की यंत्र आवाज ऐकून आपोआप बशी सोडणार. उद्घाटनाच्या दिवशी दातांच्या डॉक्टरांना शिंक आली आणि एक बशी गेली. त्यांनी "सॉरी" म्हटलं, दुसरी गेली. मग त्यांच्या पत्नीचा फोन आला, आणि तो संपेपर्यंत अकरा बशा गेल्या. नीरवने दुसऱ्या दिवशी इंग्रजी आणि अरबी अशा दोन भाषांत पाटी लावली, की मैदानावर कृपया शिंकू नये. पण मायक्रोफोन काही काढले नाहीत.

"रंजिता, घाडी का वीजा कॅन्सलेशन बना दो," त्याने मला सांगितलं. "सिस्टम ऑटोमॅटिक हो गया ना."

"और बंदूक कौन पोंछेगा?" मी विचारलं. त्यावर नीरवने कॅन्सलेशन तूर्त लांबणीवर टाकलं.

क्लबच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत एक जुनी बंदूक आहे. आमच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे अरबाब म्हणतो, ती अठरा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका लिलावातून आणली. दुनळी, बारा बोरची, नळ्या बत्तीस इंची, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. आतली पिन काढलेली, त्यामुळे उडत नाही. दत्तारामकाकांनीच मला एकदा दाखवलं होतं, की या बंदुकीच्या दस्त्याची पाठ जरा उंच आहे, म्हणून ती धरलेल्या नेमाच्या थोडी वर मारते. बशी वर चढत असते, म्हणून ही सोय. ते म्हणाले, "बशी जिथे हा, तिथे मारून उपयोग नाय ओ मॅडम. जिथे जाणार, तिथे मारूक व्हया."

पेटीच्या वर एक फोटो आहे. जिवंत कबुतरं सोडून लोक आधी काचेच्या गोळ्यांवर आणि मग मातीच्या बशांवर आले, त्या काळातला चॅम्पियन. काडतुसांच्या एका कंपनीसाठी हा आगगाडीने गावोगाव फिरायचा आणि लोकांपुढे बशा फोडून दाखवायचा. एकदा म्हणे त्याने सलग दोनशे अकरा फोडल्या. खाली पितळेच्या पट्टीवर त्याचं नाव आहे, पण ते इतक्या वेलबुट्टीच्या अक्षरांत कोरलंय, की आजवर कोणाला वाचता आलेलं नाही. तो अमेरिकन होता की इंग्रज, यावरही क्लबात दोन तट आहेत. मिशी मात्र अशी, की तिच्यावर दोन कबुतरं आरामात बसावीत. म्हणून तो आमचा मिशीवाला.

त्याच्या मागे, फोटोच्या कोपऱ्यात, एक माणूस उकिडवा बसला आहे. त्याच्या हातात दोरीचं टोक आहे. तोंड नीट दिसत नाही.

"ह्यो आपलो माणूस," दत्तारामकाका म्हणायचे. "बशी फोडली मिशीवाल्यान, दोरी ओढली ह्यान. दोनशे अकरा वेळा."

रोज सकाळी पेटी उघडून ते बंदूक मऊ फडक्याने पुसायचे. काच, फोटो, पट्टी, सगळं लख्ख. मायक्रोफोन आल्यापासून त्यांची नोकरी त्या फडक्याला लटकलेली होती, आणि हे त्यांना, मला आणि नीरवला चांगलं ठाऊक होतं. मी एकदा वैतागून विचारलं होतं, "काका, अठ्ठावन्न झालं तुमचं. गावी घर आहे, मुलगी प्रज्ञा कुडाळला दिलीय. जा की आता आरामात!"

त्यांनी फडक्याची घडी केली. मग म्हणाले, "कृष्णाबाई होती तेव्हा गावाक कोणतरी हाक मारी. आता तिथे जाऊन मी कोणाच्या हाकेला ओ देऊ?"

त्यांची बायको कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. विमानं बंद होती. हे मला माहीत असूनही मी तो प्रश्न विचारला होता, याची मला आजही लाज वाटते.

आता कुंकवाकडे येते. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा करतात. ज्याच्याकडे शस्त्र नाही तो कोयता पुजतो, शिवणयंत्र पुजतो, माझे वडील स्कूटर पुजायचे. बंदूक क्लबात आली त्याच वर्षी खंडेनवमीच्या सकाळी दत्तारामकाकांनी तिच्यासमोर झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या आणि तिला कुंकवाचं बोट लावलं. मुठीच्या खालच्या बाजूला, जिथे हात घसरू नये म्हणून लाकडावर खाचांची जाळी कोरलेली असते, तिथे. कोणाला दिसत नाही. शस्त्रागाराचे प्रमुख हमदुल्ला, पेशावरचे पठाण, पेटीची किल्ली त्यांच्याकडे असायची. ते दरवर्षी पेटी उघडून देत, भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि म्हणत, "हमने कुछ नहीं देखा. जल्दी करो."

मला हे पाचव्या का सहाव्या वर्षी कळलं. मी कपाळावर हात मारला. "अहो, ही ॲन्टिक आहे! निदान नंतर पुसा तरी!"

"लावलेला कुंकू कोण पुसता काय, मॅडम?" त्यांनी इतकं धक्का बसल्यासारखं विचारलं, की मीच ओशाळले.

त्यामुळे रोज सगळी बंदूक पुसली जायची, फक्त तेवढी दोन बोटं जागा सोडून. असं अठरा वर्षं चाललं.

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात अरबाबच्या मनात आलं, की बंदुकीचं रीतसर प्रमाणपत्र करून घ्यावं. इंग्लंडहून एक तज्ज्ञ आले. उंच, वाकलेले, तीन वेगवेगळ्या खिशांत तीन भिंगं. त्यांनी बंदूक उलटी केली आणि श्वास रोखला. मग चिमट्याने जाळीतला लाल कण उचलला, बाटलीत घातला आणि काही न बोलता विमानात बसले. दत्तारामकाका म्हणाले, "प्रसाद समजून घेवन गेले."

जानेवारीत तज्ज्ञ परत आले, ते मोठा पडदा आणि व्याख्यान घेऊनच. दिवाणखान्यात अरबाब, नीरव आणि चाळीसेक मेंबर. मागे भिंतीला टेकून हमदुल्ला, दत्तारामकाका आणि मी. तज्ज्ञांचा आवाज भरून आला होता. मुठीत सापडलेला पदार्थ म्हणजे हळद आणि चुना. एकावर एक असे अठरा थर. याचा अर्थ, चॅम्पियन प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला मुठीला एक गुप्त लेप लावत असे, हात घामेजू नये म्हणून! त्याच्या सलग दोनशे अकरा बशांचं रहस्य शंभर वर्षांनी उलगडलं होतं. टाळ्या पडल्या. रशियन मेंबर हळद कुठे मिळते ते शेजाऱ्याला विचारू लागला.

"आणि चौदावा थर," तज्ज्ञ म्हणाले, "सर्वांहून निराळा आहे." पडद्यावर यादी आली. मिरची. धणे. बडीशेप. आणि दगडावर उगवणारं एक प्रकारचं शेवाळ. त्यांचं अनुमान असं, की चौदाव्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांनी ही बंदूक चोरून डोंगरात, ओल्या दगडांखाली लपवली. चॅम्पियनने ती शोधून काढली, आणि पुन्हा कोणी हात लावला तर त्याचे डोळे चुरचुरावेत म्हणून तिला मिरची चोळली. पुढे आणखी चार वर्षं तो जिंकला.

यादी वाचून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी दत्तारामकाकांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

शेवटी तज्ज्ञांनी शिफारस केली, की या हस्तस्पर्शाला जपण्यासाठी पेटी कायमची सीलबंद करावी. यापुढे कोणीही बंदुकीला बोट लावू नये. रोजचं पुसणं तर आजपासून बंद.

नीरवने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हवेत सही केल्यासारखा हात हलवला. कॅन्सलेशन.

मी काकांच्या कानात म्हटलं, "एक शब्द बोलू नका. पेटी बंद झाली तर मानाने तरी जाल. खरं सांगितलंत तर बंदूक बिघडवली म्हणून हाकलतील."

त्यांनी मान डोलावली. खरंच गप्प बसणार होते ते. पण व्याख्यान संपलं आणि काही प्रश्न आहेत का असं विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी हात वर केला. अंगठा वर करून.

"साब, वो पीछे दोरीवाला कौन है?"

कोणीतरी भाषांतर केलं. तज्ज्ञांनी भिंग न काढताच फोटोकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "ओह, नोबडी."

दत्तारामकाका दोन पावलं पुढे गेले. मला त्यांचा शर्ट धरता आला असता, पण मी धरला नाही.

"साब, लेप मिशीवाले का नहीं है," ते म्हणाले. "हल्दी-चूने का कुंकू है. मैं लगाया. अठरा दसरा."

तज्ज्ञांना आधी राग आला नाही, दया आली. त्यांनी समजावलं, की प्रयोगशाळा खोटं बोलत नाही, हा पदार्थ जुना आहे, आणि उष्ण प्रदेशात वय झालं की माणसाला भास होतात. रशियन मेंबरने मान हलवली. मग दत्तारामकाकांनी बोटं मोजली.

"चौदा नंबर कोविड का साल है. दुकान बंद, बस बंद. कुंकू नहीं मिला. मेरे पास लाल चीज एकच था. बायको का मालवणी मसाला. मिर्ची, धनिया, बडीशेप." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, दगडफुलाक हिंदीत काय म्हणतत?"

"पत्थर का फूल," मी म्हणाले. "सर, तुमचं शेवाळ मटणाच्या रश्श्यात घालतात. माझ्या स्वयंपाकघरात बरणी भरून आहे."

तज्ज्ञांनी एक भिंग काढलं, ते ठेवून दुसरं काढलं, आणि कशातूनच काही न पाहता खाली बसले. सगळ्यांचे डोळे अरबाबकडे. ते पायघोळ कंदुरा सावरत उठले, बंदुकीकडे गेले, वाकून बघितलं.

"अठरा साल?"

"जी, अरबाब."

"अठरा साल मैं हर कॉम्पिटिशन में लास्ट आया," अरबाब म्हणाले. "और तुम दुआ किसका बंदूक को दिया? मरा हुआ आदमी का! वो तो शूटिंग करता भी नहीं!"

मग त्यांना हसू आवरेना. त्यांच्यामागून चाळीस मेंबर हसले, शेवटी हमदुल्लासुद्धा. फक्त तज्ज्ञ हसले नाहीत. त्यांनी बजावलं, की हा सगळा मळ एकेक थर करून, कापसाच्या बोळ्याने, लाकडाला ओरखडा न काढता निघाला पाहिजे. तोवर प्रमाणपत्र नाही. अरबाब दत्तारामकाकांकडे बोट करून म्हणाले, "जिसने लगाया, वही साफ करेगा. जब तक साफ नहीं, तब तक वीजा चालू. साफ हुआ, खलास."

मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच अडकवला. कारण दत्तारामकाका म्हणाले, "कुंकू मी पुसूचंय नाय."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यावर जे ओरडले, ते बहुतेक मैदानावरच्या मायक्रोफोनपर्यंत पोचलं, कारण दोन बशा उडालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. गणपती हलवण्याआधी उत्तरपूजा करतात, देवाला निरोप देतात, मग मूर्ती उचलली तर दोष नाही. तसंच इथे. एका थराला एक उत्तरपूजा, दिवस बघून. थरामागून थर. अठरा थर, अठरा वेगवेगळ्या पूजा. मी तेवढ्यासाठी क्लबच्या खर्चात 'साफसफाईचं साहित्य' या नावाखाली झेंडू आणि तांदूळ दाखवले.

तर असा हा माणूस नऊ महिने टेबलावर भिंग लावून बसला. पंधरा दिवस एका थराला. सावकाश करा, असं मी शंभरदा सुचवलं. डोळा मारून सांगितलं, खडसावून सांगितलं. नाहीच! काम म्हणजे काम. स्वतःची नोकरी स्वतःच्या हाताने, बोळ्याबोळ्याने पुसत होता, आणि वर मला दाखवत होता, किती स्वच्छ निघतंय ते. मला इतका संताप यायचा, की त्या भिंगातून त्यांचं नाक जाळावंसं वाटायचं.

वरून पाचवा निघाला तो चौदावा थर, मसाल्याचा. लाल झालेला बोळा त्यांनी इतर बोळ्यांबरोबर टाकला नाही. पाकिटातल्या प्लास्टिकच्या कप्प्यात, कृष्णाबाईंच्या फोटोमागे ठेवला. त्यांना दोनदा शिंक आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मिरचीमुळे आलं असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

शेवटचा, म्हणजे सगळ्यात पहिल्या वर्षीचा थर त्यांनी खंडेनवमीसाठी राखून ठेवला होता. ज्या दिवशी लावला, त्याच दिवशी निरोप. नीरवची मेल आदल्या दिवशीच आली होती: तज्ज्ञांना फोटो पाठवायचे आहेत, साडेदहाला मी बंदूक बघायला येतो, कॅन्सलेशनचे कागद तयार ठेव. कागद माझ्या टेबलावर तयार होते. तिथेच व्हिसा नूतनीकरणाचाही कोरा फॉर्म होता. दोन्ही एकाच फाइलमध्ये असतात.

सव्वादहाला मी दिवाणखान्यात गेले. ताटात झेंडू, अक्षता, हळद, कुंकू. उत्तरपूजा झाली होती. बंदूक उलटी ठेवलेली, मुठीची जाळी कोरी करकरीत, जणू कालच सुताराने कोरली.

"झाला, मॅडम," दत्तारामकाका म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते म्हातारे वाटले. "हात धुवन येतंय."

ते गेले. हमदुल्ला दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी काही भाविक बाई नाही. घरी देवाला अगरबत्तीसुद्धा आठवली तर लावते. आणि झेंडू-तांदळाचा खर्च सोडला, तर आजवरच्या नोकरीत मी एकही नियम मोडलेला नाही, उलट मोडणाऱ्यांना मेमो दिलेत.

हमदुल्लांनी हळूच भिंतीकडे तोंड केलं. "जल्दी करो," ते म्हणाले.

कुंकू अनामिकेने लावतात. घाईत मला अंगठाच सापडला. मी तो ताटात बुडवला आणि जाळीच्या बरोबर मध्यावर दाबला. चांगला घट्ट.

दत्तारामकाका हात पुसत आले, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"ह्यां कोणी लावला?"

"मला काय माहीत?" मी ओरडले. "त्या दोरीवाल्यानं लावलं असेल!"

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. ते अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "आता पुसूचा म्हणजे उत्तरपूजा करूक लागतली. चांगलो दिवस बघूक लागतलो."

"मग बघा की! माझं डोकं कशाला खाता? पुढच्या नवमीपर्यंत बघा!"

व्हरांड्यात नीरवचे बूट वाजत होते. मी माझ्या टेबलाशी गेले, कॅन्सलेशनचे कागद फाडले आणि नूतनीकरणाचा फॉर्म ओढला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: काम अपूर्ण. कागद धरला होता तिथे खाली माझ्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता. तो मी पुसला नाही.